वळिवडेहून दिसलेली फाटाफूट : पोलंडचा प्रश्न, १९४१ ते १९४७

शीतयुद्धाची कारणे लिहा, गुण दहा. नव्या पेठेतल्या आमच्या शनिवारच्या अभ्यासवर्गात निम्म्याहून जास्त मुलं या उत्तराची सुरुवात एकाच वाक्यानं करतात : ‘भांडवलशाही व साम्यवाद या विचारसरणींमधील मूलभूत भेद.’ त्याखाली पोलादी पडदा, ट्रुमन सिद्धान्त, मार्शल योजना, बर्लिनची नाकेबंदी, क्रमांक घालून. गेल्या पावसाळ्यात जालन्याकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या एका मुलीनं वही मिटून विचारलं, “सर, हा भेद १९४१ मध्येही होताच ना? मग तेव्हा दोस्ती झाली कशी? आणि भेद जुनाच होता, तर तो १९४५ नंतरच का नडला?”

त्या दिवशी मी तिला जे सांगितलं ते पुस्तकातलंच होतं. समान शत्रू संपला की दोस्ती संपते, वगैरे. घरी येईपर्यंत मला ते उत्तर टोचत राहिलं. शत्रू संपला म्हणजे मैत्री सैल पडेल, हे समजतं. पण सैल पडणं वेगळं आणि जगाची दोन तुकड्यांत वाटणी करून चाळीस वर्षं एकमेकांवर बंदुका रोखणं वेगळं. मग आम्ही पुढचे पाच शनिवार एकच प्रकरण घेऊन बसलो : पोलंड. त्या पाच शनिवारांतून जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

पोलंडच का, याचं कारण साधं आहे. १९३९ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं ते पोलंडला दिलेल्या शब्दापायी, आणि १९४५ मध्ये दोस्तांचं पहिलं उघड भांडण झालं तेही पोलंडवरून. दुसरं कारण आपल्या जवळचं आहे. या भांडणात ज्यांची घरं गेली त्यातली सुमारे पाच हजार माणसं १९४३ पासून कोल्हापूरजवळ, वळिवडेच्या छावणीत राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. पुण्याहून मिरजमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी त्या गावावरूनच जाते. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते स्टेशन पाहिलेलं होतं आणि एकालाही ही गोष्ट माहीत नव्हती.

ही माणसं वळिवडेला पोचली कशी

२३ ऑगस्ट १९३९ ला हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त पुरवणीत पोलंड वाटून घेतला. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन फौजा घुसल्या, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून लाल सेना. पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान, अर्खांगेल्स्ककडे हाकलण्यात आलं. जंगलखात्याचे नोकर, माजी सैनिक, शिक्षक, पोलीस आणि त्यांची कुटुंबं. त्याच वसंत ऋतूत सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि कैदी गोळ्या घालून पुरले. हे तेव्हा जगाला ठाऊक नव्हतं.

म्हणजे वैचारिक शत्रुत्व बघायचं तर ते १९४० मध्ये शिगेला पोचलेलं होतं. तेव्हा सोव्हिएत संघ हिटलरला धान्य आणि तेल पुरवत होता आणि ब्रिटन त्याच हिटलरच्या बाँबखाली जळत होतं.

२२ जून १९४१ ला जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केला. चर्चिल यांनी त्याच रात्री रेडिओवरून रशियाला मदत जाहीर केली. साम्यवादाविरुद्ध आपण पंचवीस वर्षं जे बोललो त्यातला एकही शब्द मागे घेत नाही, असं सांगूनच त्यांनी ती जाहीर केली. हिटलरनं नरकावर स्वारी केली तर मी संसदेत सैतानाबद्दलही दोन बरे शब्द बोलेन, असं ते आपल्या सचिवाला म्हणाले होते. भेद कुणीही विसरलं नव्हतं. तो फक्त बाजूला ठेवला होता, आणि कसा ठेवला होता हेच या प्रकरणात बघायचं आहे.

पहिला नमुना ३० जुलै १९४१ चा. लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत माइस्की यांनी ब्रिटनच्या आग्रहानं करार केला. सोव्हिएत तुरुंगांतले आणि वसाहतींतले पोलिश नागरिक सोडायचे, त्यांची फौज उभी करायची. सोव्हिएत बाजूनं या सुटकेला शब्द वापरला ‘माफी’. ज्यांनी कुठलाही गुन्हा केला नव्हता त्यांना माफी! आणि युद्धानंतर सीमा कुठं असेल? त्यावर मौन. १९३९ चे जर्मनीबरोबरचे करार रद्द समजायचे, एवढंच. हे मौन पुरेसं नाही म्हणून सिकोर्स्कींच्या मंत्रिमंडळातून तिघांनी राजीनामे दिले. सिकोर्स्की थांबले, कारण करार नाही तर माणसं सुटत नाहीत.

आणि माणसं सुटली. १९४२ मध्ये जनरल आन्देर्स यांच्या फौजेबरोबर एक लाखाहून जास्त पोलिश लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला आले. त्यातली काही कुटुंबं कराचीमार्गे आपल्याकडे उतरली. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी काढली, आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडेला मोठी वसाहत उभी राहिली : बैठी घरं, शाळा, चर्च, बालवीर पथकं. आपण युद्ध संपेपर्यंत इथं आहोत, मग घरी, असं धरूनच तिथली मुलं पोलिश भूगोल शिकत होती. नकाशात त्यांची गावं पोलंडमध्येच दाखवलेली होती.

आगाखान पॅलेसमधला त्याच शब्दांचा अर्थ

इथं थोडं वळण घेतो, कारण वर्गात सगळ्यात जास्त चर्चा यावर झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली. प्रत्येक जनतेला आपली राज्यपद्धती निवडण्याचा हक्क, आणि जनतेच्या इच्छेविरुद्ध प्रदेशांची अदलाबदल नाही. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत संघानंही तिला मान्यता दिली. त्याच महिन्यात चर्चिल यांनी संसदेत खुलासा केला की, सनद नाझींच्या टाचेखालच्या युरोपबद्दल आहे. हिंदुस्थान, ब्रह्मदेश यांचा प्रश्न निराळा.

वर्षभरानं, ऑगस्ट १९४२ मध्ये, गांधीजींना येरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केलं गेलं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा तिथंच गेले. आपल्यातले बरेच जण लहानपणी शाळेच्या सहलीत त्या समाध्या बघून आलेले असतात. सनदेच्या मसुद्यात ‘जनतेचा हक्क’ हे शब्द असताना हे चाललं होतं, हे मात्र सहलीत कुणी सांगत नाही.

मी हे ब्रिटनचे दोष मोजायला सांगत नाही. मुद्दा शब्दांचा आहे. तीन सत्ता एका कागदावर सही करतात तेव्हा त्यातल्या प्रत्येकीच्या मनात त्या शब्दाला एक कुंपण असतं. चर्चिल यांचं कुंपण साम्राज्याभोवती होतं, स्टालिन यांचं १९४१ च्या सीमेभोवती. युद्ध चालू आहे तोवर ही कुंपणं कुणी तपासत नाही. तपासायची वेळ येते ती जमीन हातात आल्यावर.

कातीन, तेहरान, वॉर्सा

एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी स्मोलेन्स्कजवळच्या कातीनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याचं जाहीर केलं. लंडनमधल्या पोलिश सरकारनं आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशी मागितली. स्टालिन यांनी याला हिटलरशी संगनमत ठरवलं आणि २५ एप्रिलला संबंध तोडले. पोलिश सरकारकडचे ब्रिटिश राजदूत ओवेन ओमॅली यांनी आतल्या अहवालात पुरावा सोव्हिएत बाजूकडे बोट दाखवतो असं स्पष्ट लिहिलं. चर्चिल यांनी तो अहवाल रूझवेल्ट यांना पाठवला आणि बाहेर मौन पाळलं. मॉस्कोनं ही कत्तल कबूल केली ती १९९० मध्ये.

हे मौन का, हे समजून घ्यायला आकडे बघावे लागतात. त्या क्षणी जर्मन फौजेचा मोठा भाग एकटी लाल सेना अंगावर घेत होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावर दुसरी आघाडी उघडायला अजून वर्ष होतं. युद्ध संपेपर्यंत सोव्हिएत संघाची सुमारे २.७ कोटी माणसं मेली. अमेरिकेची सुमारे ४ लाख. लंडन आणि वॉशिंग्टनला हा हिशेब ठाऊक होता, आणि स्टालिननं वेगळा तह केला तर, ही धास्तीही होती. मला ओमॅलींचा अहवाल दडपणं चूक वाटतं. पण चर्चिल यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, याचं उत्तर मला देता आलेलं नाही.

त्या वर्षाअखेर तेहरानला तिघे पहिल्यांदा एकत्र बसले. चर्चिल यांनी टेबलावर तीन काडेपेटीच्या काड्या ठेवून पोलंड पश्चिमेला कसा सरकवता येईल हे दाखवलं : पूर्वेचा भाग सोव्हिएत संघाला, बदल्यात जर्मनीचा भाग पोलंडला. पूर्वेची नवी हद्द साधारण कर्झन रेषेवरून जाणार. कर्झन म्हणजे तोच, आपल्या १९०५ च्या वंगभंगाचा व्हाइसरॉय. १९२० मध्ये तो ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होता आणि रेषेला त्याचं नाव चिकटलं. रूझवेल्ट यांनी स्टालिन यांना खासगीत सांगितलं की हे मला मान्य आहे, पण अमेरिकेत साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत आणि १९४४ ला निवडणूक आहे, त्यामुळं उघड बोलता येणार नाही. पोलंडच्या सरकारला या बैठकीत बोलावलं नव्हतं, आणि तिथं काय ठरलं हेही सांगितलं नाही.

वळिवडेच्या शाळेत पोलंडचा भूगोल चालू असताना ती गावं काडीसरशी दुसऱ्या देशात गेली होती.

१ ऑगस्ट १९४४ ला पोलिश भूमिगत सेनेनं वॉर्सात उठाव केला. लंडन सरकारला मानणारे लोक शहर मोकळं करून लाल सेनेचं स्वागत यजमान म्हणून करू पाहत होते. लाल सेना विस्तुला नदीच्या पलीकडे थांबली. ती थकली होती आणि पुरवठा ताणला होता, हे खरं. पण ब्रिटिश-अमेरिकी विमानांना मदत टाकून सोव्हिएत तळांवर उतरू द्या, ही विनंतीही स्टालिन यांनी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत धुडकावली. ६३ दिवसांनी शहर पडलं, दीड लाखाहून जास्त नागरिक मेले. थकवा पहिल्या गोष्टीचं उत्तर आहे, दुसऱ्याचं नाही. जुलैमध्येच मॉस्कोनं लुब्लिनला आपल्या मर्जीतल्या पोलिश साम्यवाद्यांची समिती बसवली होती, आणि जानेवारी १९४५ मध्ये तिलाच हंगामी सरकार म्हणून मान्यता दिली.

याल्टा : एका वाक्याची किंमत

या प्रकरणाचा कणा इथं आहे. पाचपैकी दोन शनिवार आम्ही फक्त याल्ट्यात घालवले.

४ ते ११ फेब्रुवारी १९४५, क्रायमियातल्या याल्टाला तिघांची दुसरी बैठक. लाल सेना बर्लिनपासून सुमारे ७० किलोमीटरवर आणि जवळजवळ सगळा पोलंड तिच्या ताब्यात. रूझवेल्ट यांना दोन गोष्टी हव्या होत्या : जपानविरुद्धच्या युद्धात सोव्हिएत सैन्य, आणि संयुक्त राष्ट्रसंघ. चर्चिल म्हणाले, पोलंड हा ब्रिटनसाठी अब्रूचा प्रश्न आहे. स्टालिन यांचं उत्तर होतं की, आमच्यासाठी तो अब्रूचाही आहे आणि सुरक्षेचाही. तीस वर्षांत दोनदा जर्मन याच वाटेनं आमच्यावर चालून आले. हे म्हणणं खोटं नव्हतं. वर्गात मी मुलांना पोलंडचा प्राकृतिक नकाशा दाखवला. पश्चिमेकडून पूर्वेकडे सपाट मैदान, अडवायला डोंगर नाही. दख्खनच्या किल्ल्यांत वाढलेल्या माणसाला त्या नकाशाची भीती पटकन कळते.

तडजोड झाली ती शब्दांत. सध्या पोलंडमध्ये असलेलं सरकार ‘व्यापक लोकशाही पायावर पुनर्रचित’ करायचं. पोलंडमधल्या आणि परदेशातल्या लोकशाहीवादी नेत्यांना त्यात घ्यायचं. आणि ‘शक्य तितक्या लवकर मुक्त, निर्बंधरहित निवडणुका’ घ्यायच्या. त्या निवडणुकांत ‘लोकशाहीवादी आणि नाझीविरोधी’ पक्षांना भाग घेता येईल.

मुलांना मी पेन्सिल घेऊन या वाक्यांत भोकं शोधायला लावली. पुनर्रचना म्हणजे नवं सरकार की जुन्यातच चार माणसं वाढवायची? लोकशाहीवादी कोण, हे ठरवणार कोण? मॉस्कोच्या शब्दकोशात लंडनवाले ‘फॅसिस्ट’ होते, त्यामुळं नाझीविरोधी हा शब्दही सरळ राहिला नाही. शक्य तितक्या लवकर म्हणजे कधी? रूझवेल्ट यांनी बैठकीत विचारलं होतं. आघाडीवर काही आपत्ती आली नाही तर महिन्याभरात, असं स्टालिन म्हणाले होते. निवडणूक झाली तेवीस महिन्यांनी. आणि लक्ष कोण ठेवणार? तिन्ही राजदूतांनी निवडणुकीवर नजर ठेवून कळवावं, असं अमेरिकी मसुद्यात होतं. सोव्हिएत बाजूनं हरकत घेतली. अमेरिकेनं ते वाक्य सोडलं. राजदूत आपल्या सरकारांना पोलंडमधल्या परिस्थितीची माहिती देतील, एवढंच उरलं.

रूझवेल्ट यांच्याबरोबर असलेले ॲडमिरल लेही त्यांना म्हणाले की, हा मजकूर इतका लवचिक आहे की रशियन तो न तोडता याल्ट्यापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणू शकतील. रूझवेल्ट यांचं उत्तर होतं की हे मला ठाऊक आहे, पण आत्ता पोलंडसाठी याहून जास्त काही करता येत नाही.

कोथरूडहून येणारे एक निवृत्त बँक अधिकारी इथं म्हणाले, “अहो, आमच्याकडे कर्जाच्या कागदात असं एक वाक्य निघालं असतं तर फाइलच परत आली असती.” मला ते पटलं आणि नाहीही पटलं. लेहींना भोक दिसत होतं, रूझवेल्टनाही दिसत होतं. ते मुद्दाम ठेवलेलं भोक होतं. ते बुजवायचं म्हटलं असतं तर याल्ट्यातच दोस्ती मोडली असती, जर्मनी आणि जपान दोन्ही उभे असताना. लवचिक शब्दानं युद्ध पार पाडलं. त्याची किंमत नंतर कुणी द्यायची हे मात्र टेबलावर नसलेल्यांच्या माथी गेलं.

तरीही सेन्यो नदीवर

वर्गात खडकीला राहणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे एक निवृत्त सुभेदार येतात. ते सहसा बोलत नाहीत. याल्ट्याच्या तासाला त्यांनी विचारलं की, त्या पोलिश फौजेचं पुढं काय झालं. प्रश्न असा थेट होता की मलाच पुन्हा वाचायला बसावं लागलं.

आन्देर्स यांची फौज तेव्हा इटलीत ब्रिटिश आठव्या सेनेत होती. मे १९४४ मध्ये मोन्ते कासीनोच्या मठावर त्यांनीच झेंडा लावला होता. याल्ट्याची बातमी कळली तेव्हा त्यातल्या अनेकांना उमगलं की आपलं गाव आता आपल्या देशात नाही. आन्देर्स यांनी आपले सैनिक आघाडीवरून काढून घेण्याची भाषा केली. मग ते थांबले. ९ एप्रिल १९४५ ला सेन्यो नदीवरचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. त्यात आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि शेजारच्या भागात पोलिश कोअर. त्याच दिवशी, त्याच नदीवर, नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना नदीतून सुरक्षित जागी आणलं, एकट्यानं मशीनगनची ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. २१ एप्रिलला पोलिश सैनिक बोलोन्यात शिरले.

सुभेदारसाहेब एवढंच म्हणाले, “गाव गेलेलं माहीत असून लढले.” वर्ग बराच वेळ गप्प होता. एका बाजूला ज्यांना स्वतःचं राज्य नव्हतं ते मराठे, दुसऱ्या बाजूला ज्यांचं राज्य परस्पर देऊन टाकलेलं ते पोलिश, आणि दोघे ‘स्वातंत्र्यासाठीच्या’ युद्धात.

वसंत १९४५ : भेद कामाला येतो

मार्चअखेर सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पोलिश भूमिगत चळवळीच्या सोळा नेत्यांना वाटाघाटीचं आमंत्रण दिलं. ते आले, आणि त्यांना पकडून मॉस्कोला नेण्यात आलं. कित्येक आठवडे ते कुठं आहेत हेच कुणाला कळलं नाही. मेच्या सुरुवातीला, सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद चालू असताना, सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांनी ते अटकेत असल्याचं सांगितलं. त्या परिषदेत पोलंडची खुर्चीही नव्हती. जूनमध्ये खटला चालला. भूमिगत सेनेचे शेवटचे सेनापती जनरल ओकुलित्स्की पुढच्या वर्षी सोव्हिएत तुरुंगात मेले.

१२ एप्रिलला रूझवेल्ट गेले. २३ एप्रिलला नवे अध्यक्ष ट्रुमन यांनी मोलोतोव्ह यांना पोलंडवरून कडक शब्दांत सुनावलं. याला २४ एप्रिलला स्टालिन यांचं जे उत्तर आलं, ते माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. त्यांचं म्हणणं असं : पोलंडची हद्द सोव्हिएत संघाला लागते, ब्रिटन-अमेरिकेला लागत नाही. बेल्जियममध्ये आणि ग्रीसमध्ये जी सरकारं आली ती खरोखर प्रातिनिधिक आहेत की नाहीत, मला माहीत नाही. ती बनवताना सोव्हिएत संघाला कुणी विचारलं नाही, आणि आम्ही ढवळाढवळही केली नाही, कारण ब्रिटनच्या सुरक्षेसाठी ते देश किती मोलाचे आहेत हे आम्हाला कळतं.

याच्या पाठीमागं ऑक्टोबर १९४४ मधली चर्चिल-स्टालिन भेट आहे. त्या रात्री चर्चिल यांनी चिठोऱ्यावर आकडे मांडले होते : रुमानियात ९० टक्के रशिया, ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटन, युगोस्लाव्हिया निम्मा-निम्मा. स्टालिन यांनी त्यावर निळ्या पेन्सिलीनं खूण केली. डिसेंबरात ब्रिटिश सैन्य अथेन्समध्ये डाव्या बंडखोरांशी लढलं तेव्हा मॉस्को गप्प बसलं. स्टालिन यांच्या लेखी तो व्यवहार होता आणि त्यांनी तो पाळला होता. आता पोलंडमध्ये लंडन-वॉशिंग्टन तत्त्वाच्या गोष्टी सांगू लागलं, याचा अर्थ त्यांनी एकच लावला : भांडवलदारी जग पुन्हा आपल्या दारात कुंपण घालतंय. आणि वॉशिंग्टननं सोळा नेत्यांच्या अटकेचा अर्थ लावला : साम्यवाद थांबत नसतो, दिलेला शब्द त्याला बांधत नाही.

जालन्याच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. विचारसरणी या भांडणाची ठिणगी नव्हती. युद्धात तिची गरज नव्हती म्हणून ती खुंटीला टांगलेली होती. भोकं असलेल्या वाक्यांवरून तंटा सुरू झाला, आणि समोरचा असं का वागतोय याचं कारण प्रत्येकाला हवं झालं, तेव्हा तयार कारण खुंटीवर होतंच. एकदा ते उतरवलं की समोरच्याची भीती ही भीती दिसत नाही, कावा दिसतो. सीमेचं भांडण मिटवता येतं. ‘तो मुळात तसाच आहे’ हे भांडण कुठल्या टेबलावर मिटवणार?

कुणीतरी लगेच बारभाईंचं उदाहरण काढलं. शनिवारवाड्याच्या सावलीत शिकणाऱ्यांना ते सुचणारच. राघोबादादांविरुद्ध एकत्र आलेले सखारामबापू आणि नाना फडणीस. पाच-सहा वर्षांत नानांनी बापूंना कैदेत टाकलं. तुलना अर्धी बरोबर आहे. समान शत्रूनं बांधलेली मोट सुटली, इतपत. पण नाना आणि बापू यांचं भांडण एका दरबारातल्या सत्तेचं होतं. जगातल्या प्रत्येक गावानं आपल्यापैकी एकाची बाजू घ्यावी, अशी मागणी त्यात नव्हती.

पुढचं भराभर

त्यानंतरचा क्रम पाठ्यपुस्तकात आहे, मी त्यावर रेंगाळत नाही. जून १९४५ मध्ये लंडन सरकारचे माजी पंतप्रधान मिकोवायचिक पोलंडला परतले, उपपंतप्रधान झाले. ५ जुलैला ब्रिटन-अमेरिकेनं नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या सरकारची काढून घेतली. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांची मॉस्कोहून वॉशिंग्टनला लांबलचक तार गेली. मार्चमध्ये अमेरिकेत फुल्टनला चर्चिल यांचं पोलादी पडद्याचं भाषण झालं. सप्टेंबरमध्ये सोव्हिएत राजदूत नोविकोव्ह यांनी वॉशिंग्टनहून मॉस्कोला तार केली की अमेरिकेला जगावर प्रभुत्व हवं आहे. केनन आणि नोविकोव्ह यांचे कागद शेजारी ठेवून वाचावेत. दोघे हुशार, आणि दोघांनाही समोरचा देश आपल्या सिद्धान्ताप्रमाणे चालणारं यंत्र वाटतो.

एक गोष्ट मात्र सहसा सुटते. त्याच सप्टेंबरात अमेरिकी परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी श्टुटगार्टला जाहीर केलं की पोलंडची नवी पश्चिम सीमा अजून अंतिम नाही. जर्मनांना बरं वाटावं म्हणून. पोलंडमधल्या साम्यवाद्यांना हे आयतं मिळालं. बघा, तुमची नवी जमीन राखणारा एकच मित्र आहे. तेहरानच्या काड्यांनी पोलंडला पश्चिमेला सरकवलं होतं, आणि त्या सरकण्यानंच तो मॉस्कोला बांधला गेला. १९ जानेवारी १९४७ ची निवडणूक धाकदपटशा, अटका आणि खोट्या मोजणीनं पार पडली. मिकोवायचिक यांच्या पक्षाला ४४४ पैकी २८ जागा ‘मिळाल्या’. ऑक्टोबरमध्ये ते देश सोडून पळाले. त्या जुलैत मार्शल योजनेच्या बैठकीला जायची वॉर्साची इच्छा मॉस्कोनं मोडून काढली होती.

दुसरं काही होऊ शकलं असतं का

या तासाला मी फिनलंडचा नकाशा लावला. फिनलंडचीही हद्द रशियाला लागते, तो रशियाशी दोनदा लढला, हरला. तरी तिथं निवडणुका खऱ्या झाल्या आणि १९४८ च्या मैत्री करारानंतरही देश आतून स्वतंत्र राहिला. स्टालिन तोच, विचारसरणी तीच. फरक जागेचा होता. फिनलंड बर्लिनच्या वाटेवर नव्हता आणि लाल सेनेनं तो व्यापला नव्हता. ज्यांना ‘साम्यवाद म्हणजे विस्तार’ एवढ्या सूत्रानं सगळं सोडवायचं आहे त्यांनी आधी फिनलंड सोडवून दाखवावा.

पण याच्या उलट टोकाला जाणाऱ्यांशीही माझं पटत नाही. एका मुलानं लिहून आणलं होतं की, दोन्ही बाजू सारख्याच जबाबदार. मी ते वाक्य खोडलं. गैरसमज दोन्हीकडे होते, लबाडीही दोन्हीकडे होती. पण २२ हजार माणसांना खड्ड्यांशी उभं करून गोळ्या घालणं, बोलणी करायला बोलावून सोळा जणांना पकडणं, मतपेट्या बदलणं हे एका बाजूनं केलं. दुसऱ्या बाजूनं ते बघितलं आणि सोयीनं मान वळवली. दोन्ही दोष आहेत, एकाच वजनाचे नाहीत. भीती खरी असली म्हणून तिच्यापायी केलेलं सगळं क्षम्य होत नाही, हे मी मुलांना इतिहासाचा शिक्षक म्हणूनच सांगतो.

वळिवडेचा शेवट

जुलै १९४५ मध्ये लंडन सरकारची मान्यता गेली तेव्हा वळिवडेच्या माणसांचं सरकारच नाहीसं झालं. मायदेशी परता, असं त्यांना सांगण्यात आलं. पण कुठल्या मायदेशी? त्यांच्यातल्या बहुतेकांची घरं ल्वुफ, विल्नो, ग्रोड्नो या भागांतली. ती आता सोव्हिएत हद्दीत. परतायचं तर ज्यांनी मालगाडीत कोंबलं होतं त्यांच्या राज्याला चिकटलेल्या एका नव्या पोलंडमध्ये, ज्या गावात आपण कधी राहिलो नाही अशा जर्मनांनी सोडलेल्या घरांत. काही गेले. ज्यांचे नवरे-मुलगे आन्देर्स यांच्या फौजेत होते, त्यातली पुष्कळ कुटुंबं ब्रिटनला गेली. ८ जून १९४६ च्या लंडनमधल्या विजय संचलनात त्या फौजेला स्थान नव्हतं. बाकीचे आणखी कुठं कुठं पांगले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

त्याच बैठ्या घरांत मग फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. त्या वस्तीला आता गांधीनगर म्हणतात. कापडाच्या घाऊक खरेदीला पुण्याचे व्यापारीही तिथं जातात.

शेवटच्या शनिवारी जालन्याच्या मुलीनं आपलं दहा गुणांचं उत्तर पुन्हा लिहून आणलं. पहिलं वाक्य होतं, ‘याल्टा करारातील “पुनर्रचित” या शब्दाचा अर्थ तिन्ही सह्या करणाऱ्यांनी वेगवेगळा लावला.’ परीक्षक काय गुण देईल हे मला सांगता आलं नाही. मी त्याखाली बरोबरची खूण केली आणि वही तिला परत दिली.